जुना विजेवरचा भोंगा उतरवून दुरुस्त करताना: वीज सर्वांत शेवटी

जुना भोंगा, म्हणजे मोटरवर फिरणारा सायरन, हाती लागला की बहुतेक हौशी मंडळी पहिल्याच संध्याकाळी त्याला वायर जोडून "वाजतो का" ते पाहतात, आणि दुरुस्त होण्यासारखा भोंगा तिथेच कामातून जातो. वर्षानुवर्षे पाऊस खाल्लेल्या वाइंडिंगमध्ये (मोटरमधल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांत) ओल असते, बेअरिंगमधले ग्रीस दगडासारखे झालेले असते आणि आत पक्ष्यांनी आणलेल्या काड्या-तारा अडकलेल्या असतात. अशा अवस्थेत वीज दिली की मोटर जागीच अडते, सहा-सातपट करंट ओढते आणि बघता बघता जळते. म्हणून खालच्या टप्प्यांत वीज दहाव्या टप्प्यापर्यंत कुठेही येत नाही, आणि हा क्रम बदलू नये.

ही पद्धत मोटरच्या शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) थेट बसवलेल्या भोंग्याची आहे. मोटरलाही स्वतःचा रोटर (फिरता भाग) आणि स्टेटर (स्थिर भाग) असल्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून भोंग्याच्या फिरत्या भागाला येथे चक्र आणि त्याभोवतीच्या खिडक्यांच्या स्थिर भागाला कवच म्हटले आहे.

१. मालकी आणि कागद

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या भागांत असे भोंगे नगरपालिकांच्या जुन्या इमारतींवर, गिरण्यांच्या गच्चीवर किंवा साखर कारखान्यांच्या भंगारात सापडतात. वापरात नसलेली वस्तू बेवारस नसते. सरकारी किंवा नगरपालिकेची वस्तू लिलावातूनच घ्यावी. लिलावाची सूचना बहुधा कन्नडमध्ये निघते, त्यामुळे ती जाणकाराकडून नीट वाचून घ्यावी आणि यादीत मोटर, चक्र, कवच, स्टार्टर हे सर्व एकाच नोंदीत आहेत का ते पाहावे. मोटर एकाकडे आणि कवच दुसऱ्याकडे गेले, तर दोघांच्याही हाती फक्त भंगार राहते.

भंगारवाल्याकडून घेताना वर्णन, वजन आणि तारीख असलेली पावती मागावी. भंगारवाला तांब्यासाठी वाइंडिंग आधी कापतो. ते कापले गेले असेल तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण वाइंडिंग नव्याने भरता येते. चक्र किंवा कवच फुटले असेल तर मात्र भाव कितीही उतरवला तरी सौदा महागच पडतो.

२. वर चढण्यापूर्वीची पाहणी

पाहणीसाठी सकाळची वेळ घ्यावी. कवचाच्या आत गांधीलमाश्यांचे पोळे असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि शिडीवर उभ्या माणसाला पळायला जागा नसते. दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळचे फोटो घेऊन माश्यांची ये-जा, पायांचे बोल्ट, वायर कुठून येते आणि खालचा सांगाडा किती गंजला आहे हे खालूनच पाहून घ्यावे.

छप्पर मंगळुरी कौलांचे किंवा पत्र्याचे असेल तर त्यावर पाय ठेवू नये. खाली वासा किंवा कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) कुठे आहे ते आतून पाहून, त्यावर आडव्या फळ्या टाकूनच पुढे सरकावे. पश्चिमेकडच्या पावसाच्या पट्ट्यात, म्हणजे खानापूरच्या बाजूला, वरून धड दिसणारा वासा आतून कुजलेला निघतो; टोच्याने टोचून पाहिल्याशिवाय त्यावर भार टाकू नये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे काम हातात घेऊच नये.

३. वीज तोडणे आणि खाली आणणे

"त्याची लाइन कधीच बंद आहे" या सांगण्यावर विश्वास ठेवू नये. भोंग्याला अनेकदा वेगळ्या मीटरवरून किंवा शेजारच्या इमारतीतून वीज दिलेली असते, त्यामुळे आपण बंद केलेला मेन स्विच त्याचा नसण्याची शक्यता असते. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत, स्विचला कुलूप व चिठ्ठी लावावी आणि मोटरच्या टर्मिनल पेटीत प्रत्येक फेज ते अर्थ आणि फेज ते फेज असे मल्टिमीटरने तपासावे. मल्टिमीटर आधी चालू लाइनवर दाखवून घ्यावा. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घेणे उत्तम.

गंजलेले बोल्ट हातोड्याने ठोकू नयेत. मोटरचे पाय बिडाचे असतात आणि बीड वाकत नाही, थेट तुटते. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडावे, दुसऱ्या दिवशी रिंग पान्याने प्रयत्न करावा, आणि नट हलत नसेल तर तो ग्राइंडरने कापून टाकावा. बोल्ट कोणत्याही दुकानात मिळतो, मोटरचा पाय मिळत नाही.

उतरवताना तिपाई आणि चेन पुली वापरावी. मोटरवरचा आयबोल्ट (उचलण्यासाठीचा कडीचा बोल्ट) फक्त मोटरच्या वजनासाठी असतो. संपूर्ण भोंगा त्यावर टांगला की कवचाच्या बाजूने तो कलंडतो. पट्टा मोटरच्या दोन्ही टोकांखालून घ्यावा, आणि कवचाच्या खिडक्यांत तर दोर कधीच अडकवू नये.

*इशारा:* उतरवताना खाली कोणी उभे राहू नये, दोर धरणाऱ्यानेही नाही. ओढणीचा दोर लांब ठेवून बाजूला उभे राहावे.

४. खोलण्यापूर्वीच्या खुणा

येथे घाई झाली तर नवव्या टप्प्यात त्याची भरपाई करावी लागते. नेमप्लेट ओल्या फडक्याने पुसून तिचा फोटो घ्यावा: व्होल्टेज, करंट, फेरे, जोडणी स्टार की डेल्टा (तीन वाइंडिंग एकमेकांना जोडण्याच्या दोन पद्धती), आणि काम किती वेळेचे. भोंग्याच्या मोटरी बऱ्याचदा थोड्या वेळेच्या कामासाठी बनवलेल्या असतात. प्लेटवर "एस २" आणि पुढे मिनिटे लिहिलेली असतील तर ती मोटर तेवढाच वेळ सलग चालवायची असते.

मग सेंटर पंचने खुणा कराव्यात: मोटरची दोन्ही झाकणे व बॉडी, कवच व मोटर, चक्र व शाफ्ट. खडूची खूण रॉकेलने धुऊन जाते. त्यानंतर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) चक्र आणि कवच यांच्यामधली फट चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवावी. चारही आकडे सारखे नसतील तर शाफ्ट वाकलेला आहे, बेअरिंग झिजले आहे किंवा कवच सरकले आहे. कारण कोणते ते पुढे कळेल, पण आकडे आज लिहिले नाहीत तर कधीच कळणार नाही.

*तपासणी:* चक्रावरील आणि कवचावरील खिडक्या मोजाव्यात. दोन पोलची मोटर ५० हर्ट्झवर भाराखाली मिनिटाला सुमारे २८८० फेरे, म्हणजे सेकंदाला ४८ फेरे घेते. एका फेऱ्यात जितक्या खिडक्या तितके हवेचे झटके बसतात, म्हणून १० खिडक्या असतील तर सूर ४८० हर्ट्झ आणि १२ असतील तर ५७६ हर्ट्झ येईल. हा आकडा शेवटच्या चाचणीत उपयोगी पडतो.

५. खोलणे

चक्र शाफ्टवर चावी (खाचेत बसणारी पोलादी पट्टी), ग्रब स्क्रू (डोके नसलेला स्क्रू) आणि टोकाचा नट यांनी धरलेले असते. काही नटांना उलटी आटी असते. जोर लावण्याआधी आटीची दिशा टॉर्चच्या उजेडात पाहून घ्यावी. ग्रब स्क्रू अनेकदा एकाखाली एक असे दोन असतात, आणि वरचा काढून "सुटला" असे समजून पुलर (ओढून काढण्याचे अवजार) लावला की चक्राचा मधला भाग तडकतो.

चक्र नेहमी पुलरनेच काढावे आणि पुलरचे पाय मधल्या जाड भागाला लावावेत, कडेला नाही. निघत नसेल तर मधला भाग हॉट एअर गनने तापवावा. चक्राचे ॲल्युमिनियम शाफ्टच्या लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावत असल्याने पकड सुटते. गॅसची ज्योत लावू नये, कारण ॲल्युमिनियम लाल न होता एकदम वितळते आणि तोवर डोळ्यांना काहीच दिसत नाही.

जुना स्टार्टर वेगळा ठेवावा. तो तेलातला असेल तर तेल गटारात ओतू नये. संपर्कांच्या आजूबाजूच्या करड्या, तंतुमय पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून त्या घासू किंवा फोडू नयेत. असा स्टार्टर शोभेला ठेवावा आणि कामाला नवीन घ्यावा.

६. मोटर

तीन फेजच्या मोटरमध्ये तिन्ही वाइंडिंगचे रोध मोजावेत. ते जवळपास सारखे हवेत. एक ठळकपणे कमी असेल तर आतले फेरे एकमेकांना चिकटले आहेत. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये एक मिनिट लावावा. वाचन १ मेगओहमच्या खाली असेल तर ती मोटर विजेला जोडायची नाही.

कमी वाचन म्हणजे वाइंडिंग गेले असे नव्हे. बहुधा ती ओल असते. मोटर उघडून लाकडी पेटीत ठेवावी, वर हवा निघायला जागा ठेवावी आणि पिवळ्या बल्बांच्या उष्णतेने ६० ते ७० अंशांवर अनेक तास सुकवावी. बल्ब वाइंडिंगला टेकता कामा नये. सुकवताना मेगरचे वाचन आधी आणखी खाली जाते, मग हळूहळू चढते आणि शेवटी स्थिरावते. पहिल्या घसरणीला घाबरून बहुतेक जण याच ठिकाणी काम सोडतात आणि विनाकारण रिवाइंडिंगचा (वाइंडिंग नव्याने भरण्याचा) खर्च करतात. गरम मोटरचे वाचन थंड मोटरपेक्षा कमी येते, म्हणून तुलना एकाच तापमानाच्या वाचनांची करावी.

रिवाइंडिंग करावेच लागले तर दुकानदाराकडून जुन्या कॉइलचे फेरे, तारेचा गेज आणि कॉइल स्टेटरच्या किती खाचा सोडून बसवली आहे हे लिहून घ्यावे. जुने वाइंडिंग ज्योतीने जाळून काढू देऊ नये. त्यामुळे स्टेटरच्या पातळ पत्र्यांमधले इन्सुलेशन जाते आणि मोटर पुढे कायम तापते. मार्च ते मे या काळात शेतकऱ्यांच्या पंपांच्या मोटरी रांगेत असतात, तेव्हा हौसेचे काम घेऊन गेलात तर घाईत उरकलेले काम मिळेल. दिवाळीनंतर जावे.

बेअरिंग दोन्ही नवीच घालावीत. क्रमांक जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. बसवताना ठोका किंवा दाब आतल्या कड्यावरच द्यावा. बाहेरच्या कड्यावर ठोकले की गोळ्यांचे ठसे मार्गावर उठतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरते. उघड्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच ग्रीस भरावे. ठासून भरलेले ग्रीस घुसळून तापते.

७. चक्र: तडे आणि तोल

४०० मिलिमीटर व्यासाच्या चक्राची कड २८८० फेऱ्यांवर सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २१७ किलोमीटर वेगाने फिरते. त्या कडेवर फक्त १० ग्रॅमचा फरक असला तरी तो बेअरिंगला सुमारे १८ किलोच्या ओढीने प्रत्येक फेरीत खेचतो. म्हणून "जरा हलतेय, चालेल" हे या भागाबाबत चालत नाही.

आधी तडे शोधावेत. चक्र स्वच्छ करून लाल रंगाचा भेदक द्रव आणि पांढरा विकासक यांची चाचणी करून घ्यावी. फॅब्रिकेशनची कामे करणाऱ्यांकडे हे डबे असतात. मधल्या भागापासून पात्यांकडे जाणारी लाल रेघ उमटली तर ते चक्र पुन्हा फिरवायचे नाही. आर्गन वेल्डिंग करून देतो असे सांगणारे भेटतील. कवचाला ते चालते, चक्राला नाही. असा भोंगा रंगवून अंगणात ठेवावा, त्यातही मजा आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) तुटलेले झाकण किंवा कवचाचा तुकडा नव्याने ओतून घेता येतो. मात्र जुनाच भाग नमुना म्हणून साच्यात दाबला तर ओतीव भाग लहान येतो, कारण थंड होताना बीड सुमारे १ टक्का आणि ॲल्युमिनियम सुमारे १.३ टक्के आकसते. आकसण्याची आणि लेथवर कातण्याची वाढ धरून लाकडी नमुना करून घ्यावा.

तोल पाहण्यासाठी चक्र सरळ शाफ्टवर चढवून दोन समपातळीतल्या, घासून सपाट केलेल्या पोलादी पट्ट्यांच्या धारांवर ठेवावे. पट्ट्या स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना जुळवाव्यात. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तिथे खडूची खूण करावी, चक्र पाव फेरा वळवून सोडावे, आणि तीच खूण पुन्हा खाली येत असेल तर समोरच्या बाजूला मेण चिकटवत जावे. कुठेही सोडले तरी चक्र तिथेच राहू लागले म्हणजे तोल साधला. मग मेण वजन करून तेवढेच द्रव्य जड बाजूच्या जाड भागातून, त्याच त्रिज्येवर, ड्रिलने थोडे थोडे काढावे. पात्यांना भोक पाडू नये. रुंद चक्राला एवढे पुरत नाही. ते बॅलन्सिंग यंत्रावर दोन्ही पातळ्यांत तपासून घ्यावे.

८. स्वच्छता आणि रंग

ॲल्युमिनियमचा रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरू नये. तो रंगाबरोबर धातूही खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सोडतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये; पाण्याने ओले करून, मास्क लावून घासावे आणि गाळ मुलांच्या व जनावरांच्या वाटेत टाकू नये. ॲल्युमिनियमवर आधी एच प्रायमर (धातूच्या पृष्ठभागाला धरून बसणारा पहिला थर) लावावा, नुसता रेड ऑक्साइड त्याला धरत नाही. चक्राची बाहेरची कड आणि कवचाची आतली बाजू रंगवू नये, कारण रंगाचा जाड थर फट खातो. नेमप्लेटवर ब्रश फिरवण्याचा मोह आवरावा.

९. जोडणी आणि फट

खुणा जुळवून मोटर बंद करावी आणि झाकणांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. चक्राशिवाय शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो मऊ फिरला पाहिजे. मग चक्र, चावी, दोन्ही ग्रब स्क्रू आणि शेवटी टोकाचा नट नव्या लॉक वॉशरसह बसवावा.

फट पूर्वी लिहिलेल्या आकड्यांशी जुळवावी. फट कमी केली की आवाज वाढतो हे खरे, पण त्या मागे लागू नये. ४०० मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे चक्र ३० अंश तापले की प्रत्येक बाजूला सुमारे ०.१४ मिलिमीटर फुगते, त्यात बेअरिंगची मोकळीक येऊन मिळते, आणि चक्र कवचाला घासले की दोन्ही जातात.

*तपासणी:* भोंगा चालताना ज्या स्थितीत असणार, त्याच स्थितीत, आडवा असेल तर आडवा, हाताने पूर्ण फेरे देऊन कान जवळ लावावा. एका जागी बारीक घासल्याचा आवाज आला तरी पुन्हा उघडावे.

१०. वीजजोडणी

घरी एक फेज आणि मोटर तीन फेजची, ही नेहमीची अडचण आहे. शेतातल्या पंपाच्या जोडणीवर भोंगा चालवू नये. मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, मग जोडणी हेस्कॉमची (या भागातल्या वीजपुरवठा कंपनीची) असो वा हुक्केरी तालुक्यातल्या सहकारी संस्थेची. लहान मोटरसाठी एक फेज घेऊन तीन फेज देणारा व्हीएफडी (विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारे उपकरण) हा उत्तम उपाय आहे. येथे एक चूक वारंवार होते: आपल्याकडील ३ हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटरी साधारणपणे ४१५ व्होल्टला स्टारमध्ये असतात, तर असा व्हीएफडी २३० व्होल्टच देतो. मोटरची सहा टोके बाहेर असतील तर ती डेल्टामध्ये जोडून घ्यावी लागते, नाहीतर ती अशक्त चालते.

थेट तीन फेजवर चालवायचे असल्यास ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाल्यास वीज तोडणारे साधन) नेमप्लेटच्या करंटवर ठेवावा आणि बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग द्यावीत. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडे पडते, म्हणून वापराआधी पाणी घालून रोध मोजावा.

*इशारा:* व्हीएफडीवर ५० हर्ट्झच्या वर जाऊ नये. ६० हर्ट्झवर चक्रावरील ताण ४४ टक्क्यांनी वाढतो.

११. चाचणी

भोंगा जमिनीवर, काँक्रीटला किंवा जड चौकटीला बोल्टने आवळून घ्यावा. माणसांनी मोटरच्या मागे, शाफ्टच्या रेषेत उभे राहावे. चक्राच्या कडेच्या समोर कोणीही नसावे, कारण तुकडा उडाला तर त्याच दिशेने उडतो. कानात प्लग आणि वर इअरमफ, दोन्ही घालावेत.

प्रथम १० हर्ट्झवर दिशा पाहावी; उलटी असेल तर मोटरकडच्या कोणत्याही दोन वायरी वीज बंद करून बदलाव्यात. मग २५ हर्ट्झवर थांबून बेअरिंगचा आवाज ऐकावा आणि बंद केल्यावर झाकणांना हात लावून पाहावा. त्यानंतरच ५० हर्ट्झ, तेही काही सेकंद. टाँग टेस्टरवर (वायरभोवती लावून करंट मोजणाऱ्या मीटरवर) तिन्ही फेजचा करंट सारखा आणि प्लेटवरील आकड्याच्या आत हवा. मोबाइलवरच्या ट्यूनरने सूर मोजावा: १० खिडक्यांच्या भोंग्याने ४८० ऐवजी ४४० दाखवले तर फेरे २६४० वर आले आहेत, म्हणजे व्होल्टेज पडते आहे किंवा कुठेतरी घासते आहे.

१२. वाजवण्याची वेळ आणि नंतरची निगा

३० मीटरवर १०० डेसिबल देणारा भोंगा अंतर दुप्पट होताना साधारण ६ डेसिबल गमावतो. म्हणजे मोकळ्या रानात जवळपास एक किलोमीटरवरही तो ७० च्या आसपास ऐकू येईल. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते ६ या वेळेत, ४५ आहे. त्यामुळे गावात मनास येईल तेव्हा तो वाजवता येत नाही. पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायत यांना लेखी कळवून परवानगी घ्यावी (अर्ज कन्नडमध्ये दिला की टेबलावर पडून राहत नाही), शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगावे, आणि शाळा-दवाखान्यांपासून दूर, दिवसा, काही सेकंदच वाजवावा.

चढ-उताराचा सूर काढू नये. नागरी संरक्षणात तो हवाई हल्ल्याचा इशारा आहे. ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावाच्या यादीत शेजारच्या कारवारचेही नाव होते, त्यानंतर हा आवाज लोकांच्या कानात ताजा आहे. व्हीएफडीत वेग वर-खाली करण्याची सोय असली तरी ती बंद ठेवावी.

भोंगा उभा ठेवायचा असल्यास कवचाच्या तोंडाला बारीक जाळी आणि तळाला पाणी निघायला भोक असावे. महिन्यातून एकदा चक्र हाताने काही फेरे फिरवून वेगळ्या जागी थांबवावे, म्हणजे बेअरिंगवर एकाच ठिकाणी भार राहत नाही. दर पावसाळ्यानंतर पहिल्यांदा वाजवण्याआधी मेगर लावावा आणि वाचन तारखेसह टर्मिनल पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावे.